गिअर, ब्रेक आणि आपला पाय

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. श्रोत्यांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं शेवटी ओघातच घेतली आहेत.)



या व्यासपीठावर गेल्या महिन्यात ज्ञानेश्वरीवर बोलणं झालं, त्याच्या आधी नाट्यसंगीतावर. आज विषय आहे मोटारसायकलचा गिअर आणि ब्रेक, तोही फक्त पायाकडचा. कार्यवाहांनी मला फोनवर तीनदा विचारलं, "नक्की हाच विषय छापू ना पत्रिकेत?" मी म्हटलं, छापा. खाली दाराशी आत्ता ज्या मोटारसायकली उभ्या आहेत, त्यांतल्या निम्म्यांचे मालक साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांच्या घरी एकच वाद चालू असतो हे मला माहीत आहे. मुलगा अमेरिकेतून फोनवर सांगतो, "बाबा, गाडी काढून टाका, टॅक्सी बोलवत जा." सूनबाई मान डोलावते. बाबा म्हणतात, "बघू." आणि संध्याकाळी काचीगुड्याहून कोठीला निघताना गुडघ्याला हळूच तेल चोळतात.

गाडी सुटली की तिच्याबरोबर काय काय सुटतं हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. सुलतान बाजारातली भाजी, इसामिया बाजारातलं ग्रंथालय, मित्राच्या घरचा पत्त्यांचा डाव. टॅक्सी मिळते, पण प्रत्येक वेळी टॅक्सी बोलावून माणूस पत्ते खेळायला जात नाही. हळूहळू जाणंच बंद होतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की गाडी विकायचा निर्णय घेण्याआधी ती तुमच्या पायाला बसते का ते एकदा पाहा. चष्मा आपण नंबर काढून घेतो, चप्पल मापाची घेतो. गाडीचे पायाकडचे खटके मात्र शोरूममधून आले तसेच पंधरा वर्षं वापरतो. ते हलवता येतात, हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मी पेशाने यंत्र-अभियंता, तेव्हा एक साधा हिशेब मांडतो. धरा, घरापासून कामाच्या जागेपर्यंत पंचवीस ठिकाणी थांबावं लागतं. चादरघाट, कोठी, आबिड्स, लकडी का पूल, पंजागुट्टा असा ज्यांचा रस्ता आहे ते म्हणतील, पंचवीस फारच कमी धरले. प्रत्येक थांब्याला चौथ्या गिअरवरून न्यूट्रलपर्यंत चार दाब, परत चौथ्यापर्यंत चार. पंचविसाला आठांनी गुणलं की दोनशे. जाऊन-येऊन चारशे. वर्षाचे २५० दिवस धरले तर एक लाख. डाव्या पायाचा घोटा वर्षाला एक लाख वेळा तीच हालचाल करतो. आता दर वेळी पाऊल गरजेपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त उचलावं लागत असेल, तर ते ओझं कुठे जातं? घोट्यात, नडगीत आणि शेवटी गुडघ्यात. आपण म्हणतो, वय झालं. वय होतंच, पण गिअरचा खटकाही वर असतो.

आधी थोडा इतिहास सांगतो. तो सांगायला मला आवडतो हे एक कारण, आणि पायाची सवय किती खोल रुजते हे त्याशिवाय पटत नाही हे दुसरं.

इथल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी जुनी बुलेट चालवली आहे. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बनणाऱ्या त्या गाडीचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर उचलायचा, पुढचे तीन खाली दाबायचे. शिवाय टाचेने दाबायचा एक छोटा न्यूट्रलचा खटका होता, इतकी सोयीची गोष्ट नंतर कुणी दिली नाही असं माझं मत आहे. दुसरीकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा, १९७३ नंतर तिचंच नाव येझदी झालं. तिचा गिअर डाव्या पायाला, आणि गंमत म्हणजे किकची दांडीच पुढे वळवली की ती गिअरची दांडी व्हायची. ब्रेक उजवीकडे. म्हणजे एकाच वाड्यात बुलेट आणि येझदी उभ्या असतील, तर दोघींचे पाय एकमेकींच्या उलट.

जगातही तेच होतं. इंग्रजी गाड्यांचे गिअर बहुधा उजवीकडे, जपानी गाड्यांचे डावीकडे. अमेरिकेने १९७४ मध्ये नियम केला, की गिअर डाव्या पायाला आणि मागचा ब्रेक उजव्या पायालाच हवा. अमेरिकेत विकायचं तर इंग्रज कंपन्यांना वळणं भाग पडलं. नॉर्टन कमांडोचा गिअर १९७५ मध्ये डावीकडे आला. आपली बुलेट मात्र पुढची कितीतरी वर्षं उजवीकडेच राहिली. २००८-०९ च्या सुमारास नवं इंजिन आलं, तेव्हा तो जुना प्रकार मागे पडला.

आता यात जिवाशी खेळ कुठे आहे ते ऐका. जुन्या बुलेटवर ज्याने वीस वर्षं काढली, तो नातवाच्या नव्या गाडीवर बसला. समोर अचानक रिक्षा वळली. घाबरलेल्या पायाला विचार करायला वेळ नसतो; तो जुन्या जागी जातो. डावा पाय ब्रेक समजून जोरात खाली दाबतो. आपल्याकडच्या पुष्कळ साध्या गाड्यांना पंजाने खाली दाबलं की वरचा गिअर पडतो. म्हणजे थांबायचं होतं तिथे गाडीला वरचा गिअर पडला, आणि ब्रेक मुळीच लागला नाही. उलट प्रकारही तसाच: डाव्या गिअरवर वाढलेला नातू हौसेने आजोबांची बुलेट घेऊन निघाला, उजवा पाय ब्रेक म्हणून दाबला, की बुलेटचाही वरचाच गिअर. म्हणून ज्या घरात दोन्ही तऱ्हेच्या गाड्या आहेत, त्यांना माझं सांगणं आहे की किल्ल्या वेगळ्या खिळ्यांवर लावा आणि गाड्यांची अदलाबदल करू नका.

जुन्या बुलेटचा गिअर आडव्या दांड्याने डावीकडे आणून देणारे कारागीर आहेत. काम बघायला सुरेख दिसतं. पण मूळ गिअरबॉक्सपासून पायापर्यंत जितके सांधे वाढतील, तितकी प्रत्येक सांध्याची ढिलाई बेरजेत येते. वर्षभराने गिअर पडला की नाही ते पायाला कळेनासं होतं. ब्रेकही उचलून उजवीकडे न्यावा लागतो, आणि तिथे कच्चं काम परवडत नाही. घरात ती एकच गाडी असेल, चालवणारा एकच असेल आणि कारागीर खात्रीचा असेल तर विचार करा, एरवी जुनी गाडी जुन्या पायालाच राहू द्या.

आता कामाचं बोलतो. उद्या सकाळी घरी करून पाहा.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी पुढून हँडल धरायला सांगा. रोज जे पादत्राण घालता तेच घालून बसा. नवे बूट घालून माप घेऊ नका. पाय नेहमीसारखा फूटरेस्टवर ठेवा आणि गुडघा न हलवता, टाच न उचलता, नुसत्या घोट्याने पंजा वरखाली करा. गिअरचा खटका त्या हालचालीच्या टप्प्यात यायला हवा. पंजा त्याच्याखाली सरकवायला मांडी उचलावी लागत असेल, तर खटका फार खाली आहे. वरून दाबताना टाच हवेत जात असेल, तर फार वर आहे.

खटका हलवणं अवघड नाही. तो एका दातेरी दांड्यावर बसवलेला असतो आणि एका बोल्टने आवळलेला असतो, बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आधी दांडा आणि खटका यांवर खडूने किंवा रंगाने एक रेघ मारून ठेवा, म्हणजे काही बिनसलं तर मूळ जागी येता येईल. बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो दांड्यावरच्या खाचेतून जातो. हे माहीत नसलेली माणसं हातोडीने ठोकत बसतात आणि दाते बोथट करतात. खटका बाहेर ओढा, एकच दाता वर किंवा खाली सरकवा, परत बसवा, बोल्ट नीट आवळा. एका दात्याने पंजाकडचं टोक डोळ्यांना दिसेल इतकं सरकतं. आठ दिवस चालवून पाहा, मग दुसऱ्या दात्याचा विचार करा. काही गाड्यांना खटका आणि दांडा यांच्यात एक जोडसळई असते. तिच्या दोन्ही टोकांचे नट सैल करून सळई फिरवली की उंची बारीक बारीक बदलता येते, फक्त एका टोकाचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा.

टाच-पंजा अशा दोन्ही बाजूंच्या खटक्याबद्दल नेहमी विचारणा होते. आपल्या देशात तो रुजला त्याला कारण आहे. आपण चपला-सँडल घालून गाडी चालवतो. उघड्या अंगठ्याने लोखंड उचलायचं म्हणजे शिक्षाच, आणि बूट असला तरी त्याच्या वरच्या चामड्यावर काळा डाग. टाचेचा भाग असला की उचलायचं काम उरत नाही, दोन्हीकडून दाबायचंच. ज्यांचा अंगठा सुजतो किंवा ज्यांना घोटा वर वळवताना दुखतं, त्यांच्यासाठी ही सर्वांत चांगली सोय. पण तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठीच बनलेला खटका घ्या. राणीगंजला सुट्या भागांच्या दुकानात शिरलात तर "सब को बैठता साब" असं ऐकायला मिळेल. तो दांड्यावर बसेलही, पण टाचेचा भाग फूटरेस्टला फार जवळ आला तर विसावलेल्या टाचेने नकळत गिअर दाबला जातो. बसवल्यावर गाडी जागेवरच ठेवून तीन गोष्टी पाहा: पूर्ण दाबल्यावर खटका फूटरेस्टला, इंजिनच्या झाकणाला किंवा स्टँडला लागतो का, टाच सहज टेकली तर तो दबतो का, आणि पाऊल मागेपुढे न सरकवता दोन्ही टोकांना पोचतं का. आठ नंबरच्या पायाला सोयीचा खटका पाच नंबरच्या पायाला लांब पडतो, म्हणून घरातल्या मुलीनेही गाडी चालवायची असेल तर तिलाही बसवून पाहा.

ब्रेकच्या पेडलला हात लावताना मात्र सावकाश. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. पेडल मोकळं असताना किती उंचीवर असतं, ही एक. ते दाबल्यावर ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत किती खाली जातं, ही दुसरी. पहिली बऱ्याच गाड्यांवर पेडलच्या सांध्याजवळच्या छोट्या बोल्टने ठरते. दुसरी ठरते मागच्या चाकाजवळ ब्रेकच्या सळईला असलेल्या नटाने. पेडल तळव्याच्या रेषेच्या किंचित खाली असावं, म्हणजे फूटरेस्टवरून पाय न उचलता घोटा वळवला की ब्रेक लागतो. मोकळी हालचाल ड्रम ब्रेकच्या साध्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहा आणि तोच धरा. चेन आवळताना चाक मागे जातं, त्यामुळे ही हालचाल कमी होते. चेनचं काम झालं की ब्रेकही पाहायचा, हे मेकॅनिकला सांगावं लागतं.

जुळवणी झाल्यावर चाक हाताने फिरवा. घासल्याचा आवाज आला तर नट जास्त आवळला आहे. मग मागचा लाल दिवा पाहा. पेडलची उंची बदलली की दिव्याच्या बटणाची वेळ चुकते: एक तर ब्रेक लागला तरी दिवा लागत नाही, किंवा दिवा सतत जळत राहतो. मागच्या गाडीवाल्याला तुम्ही थांबताय हे कळायचा तो एकमेव मार्ग, आणि नेमका तोच तपासायचा राहतो.

दोन ठिकाणी पाना ठेवून द्या आणि जाणत्या माणसाकडे जा. मागे डिस्क ब्रेक असेल तर मोकळी हालचाल फार कमी केल्यास आतलं तेल परत येऊ शकत नाही, आणि गाडी तापल्यावर ब्रेक आपोआप धरून बसतो. दुसरं, एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस असतं. जोडब्रेकमध्ये पाय दाबला की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक काही प्रमाणात लागतो. तिथे एका नटाशी खेळलात तर दोन चाकांचा मेळ बिघडतो.

गुडघ्याचं दुखणं अनेकदा खटक्यात नसून बैठकीत असतं. गुडघा जितका जास्त दुमडलेला, तितका वाटीवर दाब जास्त. यावर तरुण मंडळी फूटरेस्टच पुढे किंवा मागे नेणारे तयार संच बसवतात. मला विचाराल तर आधी सीटवाल्याकडे जा. सीटमध्ये दोन-तीन सेंटिमीटर चांगला फोम घातला तर गुडघा तेवढा उलगडतो आणि गाडीच्या सांगाड्याला कुणी हात लावत नाही. फक्त त्यानंतर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात ना, ते पाहा; सिग्नलला गाडी कलली तर त्या वयात सावरणं जड जातं. फूटरेस्ट पुढे नेलं तर गिअर आणि ब्रेक दोन्ही पुढे न्यावे लागतात, ते मागेच राहिले तर पाय अधांतरी. आणि काहीही झालं तरी घडी होणारं फूटरेस्ट वेल्डिंग करून पक्कं करू नका. ते दुमडतं ही त्याची ढिलाई नव्हे. वळणावर गाडी कलून ते रस्त्याला लागलं, तर त्याने वर दुमडावं म्हणूनच ते तसं केलेलं असतं. पक्कं केलेलं फूटरेस्ट रस्त्यात रुततं आणि गाडी उचलून टाकतं.

मागे बसणाऱ्यांना विसरून चालणार नाही, नाहीतर घरी जेवण मिळणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की मागच्या माणसाला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून किमान अर्धं चाक झाकणारं आवरण हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. हौसेखातर ते काढणाऱ्या पोरांना आजीचं नऊवारी पातळ दाखवावं. एका बाजूला बसणाऱ्या बायकांची पाय ठेवायची पट्टी मात्र कुणी मापून घेत नाही. ती फार वर असली तर गुडघे पोटाशी येतात, फार पुढे असली तर चालवणाऱ्याची टाच तिच्यावर आपटते आणि टाचेचा गिअर नीट दाबता येत नाही. पट्टी बसवताना काकूंना प्रत्यक्ष बसवा, काकांनी पुढे बसून गिअर टाकून पाहा, मगच नट आवळा.

कायद्याचं विचारलं गेलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातले तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्यांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं. खटका एक दाता सरकवल्याने नोंदणीपत्रातलं काही बदलत नाही. पण पायाला कायमचं अपंगत्व आलं म्हणून गिअर हातावर घ्यायचा किंवा बाजूला चाकं लावायची असतील, तर ते काम रीतसर परवानगीने, नोंद करूनच व्हायला हवं. तशी सोय कायद्यात आहे. खैरताबादच्या परिवहन कार्यालयात आधी चौकशी करा, गॅरेजमध्ये नंतर जा.

आता जे सांगायचं ते थोडं कडू आहे, पण सभागृहातल्या मधुमेहींची संख्या पाहता सांगायलाच हवं. मधुमेहात कित्येकांच्या तळव्यांची संवेदना कमी होते. पायाला पेडल जाणवत नाही, आणि माणूस तासभर नकळत ब्रेकवर पाय टेकवून चालवतो. गाडी ओढत नाही, मायलेज पडलं, ड्रम तापला, म्हणून मेकॅनिककडे नेतो, मेकॅनिक नट सैल करून देतो, महिन्याने तेच. दुखणं गाडीत नसतंच. एक सोपी तपासणी आहे. डोळे मिटा, घरातल्या कुणाला तरी पायाच्या बोटांना एकेक करून हलकेच हात लावायला सांगा, आणि हात लागला की तो उजव्या पायाला की डाव्या ते तुम्ही ओळखा. ओळखता आलं नाही तर पाना बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी चालवू नका म्हटलं तर चालवू नका. चाळिशीनंतर परवाना नव्याने करताना डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. आपण ते कसं मिळवतो यावर मी इथे बोलत नाही.

"मग सरळ बिनगिअरची स्कूटर का घेऊ नये?" असा प्रश्न मागून आला. जरूर घ्या. तिच्यात पायाला कामच नाही, दोन्ही ब्रेक हाताशी. चेतकवर आयुष्य काढलेल्यांना मात्र उजवा पाय उगीच फळीवर ब्रेक शोधताना दिसेल. तो महिनाभर शोधतो, तोवर गर्दीत जाऊ नका. शिवाय चाकं लहान, खड्ड्यांत जास्त दणके, आणि काहींच्या उंचीला गुडघा तिथे जास्तच दुमडतो. विकत घेण्याआधी दहा मिनिटं नव्हे, तासभर चालवून पाहा.

शेवटचं म्हणजे रबर. गिअरच्या टोकाचं, पेडलवरचं आणि फूटरेस्टचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर या पावसात आधी ते बदला. पुतळीबावडीला सहज मिळतं. पेडल नुसतंच लोखंडी असेल तर त्याच्यावरच्या खाचांत साचलेलं ऑइल जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढा.

माझ्या पिशवीत दहा नंबरचा पाना आणि खडू आहे. चहा झाल्यावर ज्यांना आपला खटका पाहून हवा असेल त्यांनी खाली यावं, पण रोजच्या चपला घालून. कार्यक्रमासाठी घातलेले बूट चालणार नाहीत.